पुण्यात बसून मर्सिडीज ५४०के जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी कुणी आलं की चहाचा कप हातात धरून काचेच्या पेटीसमोर थांबतं आणि प्रश्न सुरू होतात. काहींना फक्त कुतूहल असतं, काहींना स्वतः करून बघायचं असतं. दुसऱ्या गटासाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवतो आहे. उत्तरं मर्सिडीज-बेंझ ५४०केचं १/२४ प्रमाणातलं, सुटे भाग जोडून करायचं प्लास्टिकचं मॉडेल डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत, पण त्या काळातली दुसरी कुठलीही जर्मन आलिशान गाडी घेतलीत तरी बहुतेक गोष्टी लागू पडतील.

५४०केच का? एवढं काय आहे त्या गाडीत?

ही गाडी १९३६ च्या पॅरिस मोटर शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली. आधीच्या ५००केचं इंजिन वाढवून ५.४ लिटरचं केलेलं, आठ सिलिंडर एका रांगेत. नावातला 'के' म्हणजे कोम्प्रेसोर, आपण ज्याला सुपरचार्जर म्हणतो तो. तो सतत चालत नसे. चालकाने ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबला की क्लच जुळून तो इंजिनाला जोडला जाई आणि ११५ अश्वशक्तीची गाडी तेवढ्यापुरती १८० ची होई. त्या वेळी त्याचा जो किंचाळल्यासारखा आवाज येई, त्याचं वर्णन जुन्या लिखाणात पुन्हा पुन्हा सापडतं. बॉडी श्टुटगार्टजवळच्या सिंडेलफिंगेनच्या कारखान्यात बनत आणि तिथल्या खास बॉडींचं काम हेर्मान आरेन्स यांच्या हाताखाली चाले. १९३९ पर्यंत जेमतेम चारशेच्या आसपास गाड्या तयार झाल्या.

हे सगळं किट, म्हणजे सुट्या भागांचा खोका, उघडण्याआधी वाचा, असं मी प्रत्येकाला सांगतो. आठ सिलिंडर एकामागे एक, त्यांच्या पुढे सुपरचार्जर, म्हणून ते बॉनेट एवढं लांब. बाजूने बाहेर येणाऱ्या चकचकीत नळ्या शोभेच्या वाटतात, पण तो एक्झॉस्टचा मार्ग आहे. कुठला भाग कशासाठी आहे हे माहीत असलं की तो उलटा बसत नाही आणि कुठे जीव ओतायचा, कुठे नाही, हेही आपोआप ठरतं.

१/२४ म्हणजे नक्की किती मोठी? कोणतं प्रमाण निवडू?

मूळ गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, ३,२९० मिलिमीटर. २४ ने भागला की १३७ मिलिमीटर येतो. पूर्ण लांबी सव्वापाच मीटरच्या आसपास, म्हणजे मॉडेल सुमारे २२ सेंटिमीटरचं. पुस्तकांच्या कपाटात सहज मावतं.

१/४३ ची गाडी तळहातावर बसते, पण दाराची मूठ चिमट्यातून उडाली की केरसुणीनेच शोधावी लागते. दुसऱ्या टोकाला इटलीच्या पोचेर कंपनीची १/८ ची किट्स. त्यातली मर्सिडीज दोन हजारांच्या घरातल्या सुट्या भागांची आणि जोडून झाल्यावर ६५ सेंटिमीटर लांब. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती ठेवायची कुठे, हा विचार आधी करा. पहिल्यांदा करणाऱ्याला मी १/२४ किंवा १/२५ सांगतो. मोनोग्राम या अमेरिकी कंपनीचं १/२४ मधलं ५४०के जुनं आहे, पण आकार छान पकडलेला आहे. ही कंपनी पुढे रेव्हेलमध्ये मिसळली.

किट मिळवायचं कसं? बाहेरून मागवलं तर कस्टममध्ये अडकतं का?

अडकू शकतं. कस्टमच्या वर्गवारीत स्केल मॉडेल खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं, शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणन सक्तीचं झालं. त्यामुळे पार्सल कधी विनातक्रार येतं, तर कधी आठवडेच्या आठवडे पडून राहतं. भारतातल्याच विक्रेत्याकडून घ्यावं हे बरं. थोडे जास्त पैसे जातात, पण झोप नीट लागते. पुण्यात प्रत्येक तिसऱ्या घरातलं कुणीतरी जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला असतं. ते दिवाळीला येताना बॅगेत आणणार असतील तर खोका चेपू नये म्हणून कपड्यांच्या मधोमध ठेवायला सांगा. रंग, गोंद आणि स्प्रेचे डबे मात्र आणायला सांगू नका, ते ज्वलनशील असतात आणि विमानात चालत नाहीत.

माळ्यावर काकांनी आणलेलं जुनं किट सापडलंय. वापरता येईल का?

बहुतेक वेळा येतं. किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, तसं टिकाऊ असतं. बिघडतात त्या दोन गोष्टी: डिकॅल (पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायची चित्रं आणि अक्षरं) आणि टायर.

डिकॅलचा कागद पिवळा पडला असेल तर पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. दोन-तीन आठवड्यांत पिवळेपणा बराच जातो. मग एका कोपऱ्यातला नको असलेला तुकडा पाण्यात टाकून बघा. तुकडे तुकडे होऊन तरंगला, तर आख्ख्या पानावर आधी डिकॅल फिल्मचा पातळ थर द्यावा लागेल.

टायरचं दुखणं जास्त गंभीर. जुन्या किटमधले टायर मऊ व्हिनाइलचे असतात. त्यातला प्लास्टिक मऊ ठेवणारा पदार्थ हळूहळू झिरपतो आणि ज्या प्लास्टिकला टायर टेकलेला असेल ते चक्क वितळतं. माळ्यावरच्या उन्हाळ्यांनी हे काम लवकर होतं. खोका उघडल्या उघडल्या टायर बाजूला काढून वेगळ्या पिशवीत टाका आणि पुढची काच त्यांना चिकटून बसलेली नाही ना, हे पाहा. चाकावर चढवताना रिमच्या कडेला रंगाचा थर असू द्या किंवा अगदी पातळ फॉइलची पट्टी मध्ये घाला.

हत्यारं कोणती लागतात? सगळी ऑनलाइनच घ्यावी लागतात का?

नाही. चांगला साइड कटर आणि पातळ गोंद ऑनलाइन घ्या, बाकी पुण्यात चालत फिरून मिळतं. बोहरी आळीत छोटी ड्रिल बिट्स, पिन व्हाइस (ही बिट्स धरून हाताने फिरवायची मूठ), पॉलिश पेपर. सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या दुकानांत बारीक कानशी मिळतात, त्या हॉबीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कानशींपेक्षा कितीतरी चांगल्या आणि स्वस्त असतात. चिमटेही तिथेच घ्या. सर्जिकल ब्लेड औषधांच्या दुकानात. पॉलिश पेपर घेताना पाण्यात भिजवून वापरायचाच मागा, त्याला वॉटर पेपर म्हणतात: ४००, ८००, १०००, १५००, २०००.

सुटे भाग ठेवायला मिसळणाच्या डब्यासारखी दुसरी वस्तू नाही. सात वाट्या, वर झाकण, रात्री डबा बंद केला की काही हरवत नाही. एका वाटीत इंजिन, एकीत सस्पेन्शन, एकीत क्रोम. डबा नवा आणा, स्वयंपाकघरातला घेऊ नका, हळद डिकॅलवर बसली तर निघत नाही. पकड म्हणून कपड्यांचे चिमटे आणि रबरबँड पुरतात.

कोणता गोंद कुठे?

यातच पहिलं मॉडेल सर्वांत जास्त बिघडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्लास्टिकला प्लास्टिक जोडायला पातळ सिमेंट, म्हणजे मॉडेलचा पाण्यासारखा गोंद. हे चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एक करतं. दोन भाग आधी एकमेकांना नीट लावून धरायचे आणि फटीला ब्रश नुसता टेकवायचा. गोंद फटीतून आपोआप आत धावतो, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा. आधी गोंद थापून मग भाग दाबले की कडेने बाहेर येतो आणि बोटाचा ठसा बॉडीवर कायमचा उमटतो.

सिमेंट रंगावर आणि क्रोमवर काम करत नाही. सांध्याच्या जागचा रंग किंवा क्रोम ब्लेडने खरवडून प्लास्टिक उघडं करा.

फेविक्विक धातूच्या बारीक भागांसाठी ठीक, पण काचेजवळ कधीच नाही. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरं धुकं सोडते. काचा आणि हेडलाइटची भिंगं साध्या पांढऱ्या फेविकॉलने लावा. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि चुकलं तर ओल्या कापडाने निघतो. घरातल्या फेविकॉलवर लोकांचा विश्वास बसत नाही, पण माझ्या सगळ्या गाड्यांच्या काचा त्यानेच बसल्या आहेत.

नेलपॉलिश रिमूव्हर टेबलाच्या आसपासही ठेवू नका. ॲसिटोन प्लास्टिक खातं.

सूचनापत्रकातल्या क्रमानेच जोडायचं का?

क्रम वाचा, पण तसाच पाळू नका. सूचनापत्रक जोडणीच्या सोयीने लिहिलेलं असतं, रंगाच्या सोयीने नाही. मी पहिल्या संध्याकाळी एक थेंबही गोंद वापरत नाही. सगळे भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुतो, कारण साच्यातून सुटताना त्यांना तेलकट थर लागलेला असतो. मग बॉडी, बॉनेट, मडगार्ड, पायदान आणि चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) टेपने धरून कोरडी जुळणी करतो. जुन्या साच्यांत बॉनेट एका बाजूने उचललेलं राहतं. रंगाआधी हे कळलं तर कानशीचं दहा मिनिटांचं काम आहे, रंगानंतर कळलं तर सगळं पुन्हा.

इथे एक हिशेब सांगतो. खऱ्या गाडीत दार आणि बॉडी यांच्यात ४ मिलिमीटरची फट धरली, तर १/२४ मध्ये ती ०.१७ मिलिमीटर होते. आणि तुम्ही चढवलेला रंग ०.१ मिलिमीटर जाड झाला, तर खऱ्या गाडीवर तो २.४ मिलिमीटरचा लेप झाला! हे दोन आकडे मी टेबलासमोर लिहून चिकटवले आहेत. रंग पातळ का मारायचा, फटी आधीच ब्लेडच्या पाठीने थोड्या खोल का करायच्या, ते त्यातून कळतं.

सूचना फक्त जर्मनमध्ये आहेत.

चित्रं बघून चालतं. काही शब्द ओळखता आले की झालं: क्लेबेन म्हणजे चिकटवा, निष्ट क्लेबेन म्हणजे चिकटवू नका, लिंक्स डावं, रेश्ट्स उजवं, श्वार्ट्स काळा, झिल्बर चंदेरी, माट म्हणजे चमक नसलेला. यातलं 'निष्ट' चुकवू नका, नाहीतर फिरायची चाकं जाम होतात. शिवाय मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकलेलं कुणीतरी पुण्यात ओळखीत निघतंच.

पावसाळ्यात रंग का पांढरट पडतो?

लॅकर, म्हणजे थिनरमधला झटपट वाळणारा रंग, मारला की त्यातलं थिनर झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं. हवेत दमटपणा भरपूर असेल तर त्या थंड पृष्ठभागावर पाण्याचे सूक्ष्म कण बसतात आणि रंगात अडकतात. काळ्या गाडीवर ते दुधाळ दिसतं. हलकं असेल तर दुसऱ्या दिवशी नुसत्या थिनरचा एक फवारा देऊन सुटतं, जास्त असेल तर घासून काढणंच बरं.

माझं वर्ष पुण्याच्या हवेनुसार ठरतं. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या की किट उघडायचं. आषाढ-श्रावणात कापणं, घासणं, इंजिन, चॅसी, आतल्या सीट. ही कामं ब्रशने आणि पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाने होतात, पावसाने काही अडत नाही. बॉडीचा चकचकीत रंग दसऱ्यानंतर. ऑक्टोबरची कोरडी उष्ण हवा आणि मग डिसेंबरपर्यंतचे दिवस यांच्याइतका चांगला काळ नाही. मार्च-एप्रिलच्या दुपारी उलटी पंचाईत होते: हवा इतकी कोरडी आणि गरम की रंग बॉडीला पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. तेव्हा पहाटे मारा. दमटपणा मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. ७० टक्क्यांच्या वर काटा असेल तर मी चकचकीत रंगाला हात लावत नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे साइड कटर आणि एअरब्रश पूजेला असतात. दुसऱ्या दिवसापासून बॉडीचं प्रायमर.

नाना पेठेतून खऱ्या गाडीचा रंग आणला तर चालेल का?

चालेल, पण प्रायमरशिवाय नाही. पहिल्याच वर्षी मी असा रंग सरळ प्लास्टिकवर मारला. त्यातलं जहाल एनसी थिनर प्लास्टिकमध्ये घुसलं आणि बॉडीवर सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या. ती बॉडी अजून ठेवली आहे, नव्याने येणाऱ्यांना दाखवायला. आता आधी मॉडेलसाठीचं प्रायमर दोन पातळ थरांत, ते पूर्ण वाळल्यावर रंग धुक्यासारखा हलका, थर भिजू न देता.

साधा, एकरंगी काळा, गडद लाल, क्रीम असे रंग छान येतात. मेटॅलिक मात्र घेऊ नका. त्यातले चमकीचे कण खऱ्या गाडीच्या मापाचे असतात, मॉडेलवर ते खडीसाखर पेरल्यासारखे दिसतात. आणि दोन भागांचं हार्डनरवालं क्लिअर कोट घरात अजिबात नको. त्यात आयसोसायनेट असतं, त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि साधा मास्क त्याला पुरत नाही.

रंगांचा क्रमही लक्षात ठेवा. खाली लॅकर, त्यावर ॲक्रिलिक किंवा इनॅमल (सावकाश वाळणारा तेलाचा रंग). इनॅमलवर लॅकर मारलात तर खालचा थर सुरकुतून वर येतो.

एअरब्रश घ्यावाच लागतो का? फ्लॅटमध्ये वास येणार नाही का?

पहिलं मॉडेल स्प्रेच्या डब्यावर होतं. डबा दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, गरम पाण्यात नव्हे. आतला दाब थोडा वाढतो आणि फवारा बारीक येतो. दुसऱ्या-तिसऱ्या गाडीपर्यंत आवड टिकली तर ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश आणि टाकी असलेला छोटा कॉम्प्रेसर घ्या. १५ ते २० पीएसआय दाब पुरतो.

मी एअरब्रश धरायला गणपतीच्या कारखान्यात उभं राहून शिकलो. जून-जुलैत तिथे कारागीर शेकडो मूर्तींवर गनने छटा टाकत असतात. हात कुठेही थांबत नाही, फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू होतो आणि बाहेरच संपतो. एवढी एक गोष्ट हातात बसली की रंगाचे ओघळ येणं बंद होतं. डोळ्यांची आखणी करणारा माणूस श्वास कसा रोखतो तेही बघा, दुरंगी बॉडीची बारीक रेघ ओढताना तेच लागतं.

वासाबद्दल: एन-९५ मास्क कण अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्बनच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो, तो सुरक्षा साहित्याच्या दुकानात मिळतो. खिडकीत एक्झॉस्ट फॅन लावलेला खोका ठेवा आणि गॅस, समई, उदबत्ती दुसऱ्या खोलीत असू दे. शेजाऱ्यांचे कपडे वाळत असतील तर गॅलरीत रंगकाम करू नका. आमच्या मजल्यावरच्या काकूंना मी आधी सांगून ठेवतो, त्या दिवशी त्या कपडे आत घेतात.

काळा रंग आरशासारखा कसा आणायचा?

वाट बघून. लॅकर आठवडाभर, इनॅमल तीन आठवडे. रंगाचा वास येत असेल तोवर तो आतून ओला आहे, मग हाताला कितीही कोरडा लागो. त्यानंतर २००० चा वॉटर पेपर, पाण्यात साबणाचा एक थेंब, आणि बोटाचा भार नाही एवढ्या हलक्या हाताने एकाच दिशेने. मडगार्डच्या धारेवर आणि बॉनेटच्या मधल्या कण्यावर घासू नका, तिथे रंग सर्वांत पातळ असतो आणि प्लास्टिक उघडं पडतं. त्या जागांवर आधी टेपची पट्टी लावली तर उत्तम. मग गाडीच्या पॉलिशचं बारीक कंपाउंड, जुन्या सुती बनियनच्या तुकड्याने.

५४०केची मडगार्डं म्हणजे एकच सलग लाट आहे. पुढच्या चाकावरून उठते, पायदानाकडे उतरते. पॉलिश झाल्यावर त्या लाटेवरून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब न मोडता सरकलं पाहिजे. कुठे वाकडं झालं तर तिथे पोचा आहे.

क्रोमचे भाग फार खोटे दिसतात. काय करू?

खरं आहे, आणि या गाडीवर क्रोम भरपूर आहे: रेडिएटरची चौकट, हेडलाइट, बंपर, काचेची फ्रेम, बाजूच्या पट्ट्या, एक्झॉस्टच्या नळ्या. किटमधलं क्रोम म्हणजे निर्वात पेटीत चढवलेला ॲल्युमिनियमचा थर. तो साच्याच्या सांध्याची रेघ झाकत नाही, उलट उठवून दाखवतो.

ज्या भागावर रेघ दिसते त्याचं क्रोम काढून टाका. कपड्यांच्या ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवला की ॲल्युमिनियम निघून जातं, कधी काही मिनिटांत, कधी रात्रभरात. हातमोजे घाला, आणि त्या भांड्यात टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही आम्ल चुकूनही पडू देऊ नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. मग रेघ घासा, चकचकीत काळा रंग द्या, तो नीट वाळवा आणि त्यावर ॲलक्लॅड या ब्रँडचा क्रोम रंग अगदी पातळ मारा. खालचा काळा जितका गुळगुळीत, तितकं वरचं क्रोम खरं. एअरब्रश नसेल तर मोलोटोवचं क्रोम पेन छोट्या भागांना पुरतं, फक्त दोन-तीन दिवस बोट लावू नका.

बॉडीवरच्या बारीक पट्ट्यांसाठी बेअर-मेटल फॉइल, म्हणजे पाठीला गोंद असलेला धातूचा अतिपातळ पत्रा. पट्टीपेक्षा रुंद तुकडा लावायचा, टूथपिकने कडा दाबायच्या, नव्या ब्लेडने जादा कापायचं. स्वयंपाकघरातलं फॉइल जाड पडतं, कडांवर बसत नाही.

रेडिएटरच्या जाळीला मात्र सगळं क्रोम नको. पातळ केलेला काळा रंग जाळीत सोडा आणि वरून कापडाने पुसा. खोली दिसू लागते आणि गाडीला चेहरा येतो.

तारांची चाकं जाड दिसतात.

दिसणारच, प्लास्टिकची तार खऱ्या मापात ओतता येत नाही. तारांच्या मधल्या खोबणीत काळा रंग सोडला की त्या बारीक भासतात. गाडी काचेच्या तुकड्यावर ठेवून चारही चाकं टेकतात का ते गोंद ओला असतानाच बघा. मागे स्विंग ॲक्सल आहे, म्हणजे प्रत्येक चाकाचा आस वेगळा झुलतो, तिथे अर्धा मिलिमीटर चुकला तरी चाक तिरकं पडतं.

टायर पांढऱ्या पट्ट्यांचे करू का, असं विचारतात. मला काळेच आवडतात. सँडपेपरने टायरची जमिनीकडची बाजू हलकीशी घासा, रबराची मऊ छटा येते.

बॉनेट बंदच राहणार आहे. इंजिन रंगवायचं कशाला?

मी रंगवतो. वर सांगितलेला तो सुपरचार्जर इंजिनाच्या पुढच्या टोकाला आहे, आणि 'के' या अक्षराचा अर्थ किटमध्ये तिथेच दिसतो. स्पार्क प्लगच्या तारा तांब्याच्या बारीक वायरच्या करा, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हव्या त्या जाडीची मिळते. आठ सिलिंडर, म्हणून तारा मोजून घ्या. बॉनेट उघडण्याजोगं ठेवता येत असेल तर ठेवाच.

या गाड्या नाझींच्याही होत्या ना? तसलं मॉडेल घरात ठेवावं का?

होत्या. नाझींचा हवाईदल प्रमुख हर्मन गोअरिंग याच्याकडे निळी ५४०के होती, आणि त्याहून मोठ्या ७७०के मध्ये हिटलर उभा असलेली छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली आहेत. काही किट्समध्ये त्या काळाचे झेंडे आणि निशाण्या डिकॅलमध्ये येतात. मी त्या लावत नाही, कापून टाकून देतो. आपल्या दारावरचं स्वस्तिक वेगळं आणि त्या झेंड्यावरची खूण वेगळी, पण ती खूण ज्यांच्या छळासाठी वापरली गेली त्यांच्यासाठी हा फरक समजावून सांगण्याचा विषय नाही. गाडी इंजिनिअरांनी आणि कारागिरांनी बनवली, विकत घेणारे उद्योगपती होते, नट होते, संस्थानिक होते. मी अशाच एखाद्या साध्या मालकाची गाडी करतो. पण मुलांनी विचारलं तर इतिहास सांगतो, लपवत नाही.

नंबरप्लेटही त्यानुसारच. त्या वेळच्या जर्मन प्लेट पांढऱ्या, अक्षरं काळी, सुरुवातीला रोमन आकडा आणि अक्षर: बर्लिनसाठी एक-ए, म्युनिकसाठी दोन-ए, श्टुटगार्टसाठी तीन-ए. माझ्या गाडीवर श्टुटगार्टची आहे, जिथे कंपनीचं मूळ घर तिथलीच.

किती वेळ लागतो? खर्च?

मला सुमारे ५० तास, पाच-सहा महिन्यांत पसरलेले. त्यातला निम्मा वेळ घासण्यात जातो. खर्चाचं म्हणाल तर पहिल्या वेळी किटपेक्षा रंग आणि हत्यारांवर जास्त जातो, पुढच्या गाडीला ते पुन्हा घ्यावं लागत नाही.

मुलीला बरोबर बसवू का? ती दहा वर्षांची आहे.

जरूर. ब्लेड आणि थिनर तुमच्याकडे, बाकी तिच्याकडे. भाग धुणं, क्रमांक शोधणं, कोरडी जुळणी, सीटचा रंग हे दहाव्या वर्षी उत्तम जमतं. दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलांना मापाचा अंदाज असतोच, मावळा बुरुजापेक्षा मोठा दिसतो हे तीच आधी सांगतात. सुट्टीत तिला कोथरूडला जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात घेऊन जा. रूळ, सिग्नल, गाव, सगळं मापात चालतं, ते पाहून आल्यावर मुलं टेबलावर अधिक निवांत बसतात.

तयार झाल्यावर धुळीचं काय?

पुण्यात उघड्यावर ठेवली तर आठवड्यात मडगार्डवर थर दिसतो, आणि कापडाने पुसाल तर पॉलिशवर ओरखडे. बंद काचेची किंवा ॲक्रिलिकची पेटी करून घ्या, आत सिलिका जेलची पुडी. खिडकीसमोरच्या उन्हात नको, रंग फिका पडतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको, एप्रिलच्या दुपारी मॉडेलचा पातळ बंपर वाकतो. पेटीतही गाडीचा भार टायरवर न ठेवता चॅसीखाली छोटा ठोकळा द्या.

स्प्रूवर (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर) काही भाग उरलेत. काही चुकलं का?

बहुतेक किटमध्ये दोन प्रकारचे भाग येतात, छप्पर उघडं आणि मिटलेलं वगैरे, त्यामुळे उरतातच. यादीशी ताडून बघा. खरंच सुटलेला असेल तर तो बहुधा एखादा आरसा किंवा वायपर असतो, आणि फेविकॉलच्या टिपक्याने अजूनही बसेल. उरलेला स्प्रूही टाकू नका. मेणबत्तीवर जरासा गरम करून ओढला की केसासारखी तार निघते, पुढच्या गाडीच्या अँटेनाला उपयोगी पडते.